साडेचार फुटांची पट्टी

(दृश्य: सकाळचं टेनिस कोर्ट. झाडूचा आवाज. कॅमेरा जमिनीलगत, पांढऱ्या रेषेवर.)

कुमठा नाका, सोलापूर. जिल्हा क्रीडा संकुलातली टेनिसची कोर्टं. डिसेंबर आहे म्हणून सात वाजता अंगावर स्वेटर दिसतायत. एप्रिलमध्ये नऊनंतर इथं उभं राहून दाखवा.

कोर्टाच्या दोन्ही कडांना दोन-दोन रेषा आहेत, बघा. त्यांच्या मधल्या या पट्टीची रुंदी साडेचार फूट. एकेरीत चेंडू इथं पडला तर आऊट. दुहेरीत तोच चेंडू त्याच जागी पडला तर पॉइंट. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36. लांबी दोन्हीची 78च. म्हणजे एकेरीत एकटीनं 27 फूट राखायचे, दुहेरीत वाट्याला येतात 18. नऊ फूट कमी पळायचं. या नऊ फुटांनी कितीतरी जणींचे गुडघे वाचवले. आणि "एकेरी जमली नाही म्हणून दुहेरी" हा टोमणाही याच नऊ फुटांनी त्यांच्या पदरात टाकला.

(दृश्य: कुंपणाबाहेरचा बाक. डबे, थर्मास, रॅकेटच्या पिशव्या.)

कुंपणाबाहेर बसलेल्या आईवडिलांमध्ये हा विषय निघतोच.

"पोरगी चांगली खेळूलालीय की. पण सर म्हणतात, नेटवर हात छान आहे. म्हणजे डबल्सच का आता?"

विचारणाऱ्या बाबांचा आवाज असा, की पोरीला 'अ' तुकडीतून काढून 'ब'मध्ये बसवलंय.

गंमत बघा. सोलापूर जिल्ह्याचं नाव टेनिसमधून ऑलिंपिकपर्यंत गेलं, ते दुहेरीतूनच. प्रार्थना ठोंबरे. बार्शीची. 'बार्शी तिथं सरशी' ही म्हण आपण एरवी अडतीतल्या गप्पांत ऐकतो. हिनं ती टेनिस कोर्टावर नेली.

2014, इंचॉन, आशियाई स्पर्धा. महिला दुहेरीत प्रार्थनाच्या शेजारी होती सानिया मिर्झा. उपांत्य फेरीत चायनीज तैपेईच्या जोडीकडून हार झाली, पण आशियाई स्पर्धेच्या टेनिसमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्य मिळतं. दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिक. पुन्हा हीच जोडी, समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पहिला सेट 6-6 अशा बरोबरीनंतर टायब्रेकवर चीनच्या जोडीनं घेतला. दुसरा आपल्या जोडीनं 7-5 असा घेतला. तिसरा 5-7. पहिल्याच फेरीत खेळ संपला, पण तिसऱ्या सेटमध्ये बाराव्या गेमपर्यंत झुंज होती.

इथं एक नियम कळायला हवा. दुहेरीच्या पहिल्या दहा क्रमांकांत असलेल्या खेळाडूला ऑलिंपिकसाठी आपल्या देशातली जोडीदार सोबत आणता येत होती. त्या जोडीदाराचं रँकिंग बरंच खाली असलं तरी चालायचं. सानिया तेव्हा जगात एक नंबरवर होती. एकेरीत असं दार नाही. तिथं तुमचा आकडा, तुम्ही आणि कट-ऑफ. दुहेरीत दुसऱ्याच्या आकड्यावरही दार उघडतं. पण आत गेल्यावर खेळायचं आपल्यालाच असतं.

(दृश्य: फोरहँडचा सराव. चेंडूचा आवाज, एकामागून एक.)

आता सानियाकडे येऊ. कारण एकेरी की दुहेरी, या प्रश्नाचं भारतातलं सगळ्यात मोठं उत्तर तिनंच दिलंय.

2007 मध्ये सानिया एकेरीत जगात 27 व्या क्रमांकावर होती. भारताच्या एकाही मुलीला आजवर त्याच्या वर जाता आलेलं नाही. पण मनगट दुखायला लागलं. मग गुडघे. मग शस्त्रक्रिया. 2013 मध्ये तिनं एकेरी सोडली. तेव्हा किती जणांनी मान हलवली असेल, "संपली" म्हणून.

माझं मत विचाराल तर तिचा खरा खेळ तिथून सुरू झाला. तिचा फोरहँड जगातल्या कुणाच्याही तोडीचा होता. सर्व्हिस आणि पायांची चपळाई तितकी नव्हती. एकेरीत समोरचीनं हे हेरलं, की ती दर पॉइंटला तेच दोन धागे ओढत बसते. दुहेरीत पळायचं कोर्ट कमी झालं, सर्व्हिस चार गेममध्ये एकदा आली, आणि फोरहँड मात्र आख्खा राहिला. उणं झाकलं, अधिक राहिलं. साधा हिशेब.

आणि जोडीदार मिळाली कोण? मार्टिना हिंगिस. सोळाव्या वर्षी एकेरीत जगात पहिली आलेली, पाच एकेरी ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकलेली, आणि 2013 मध्ये परतली ती फक्त दुहेरीसाठी. सानिया बेसलाइनवरून, म्हणजे मागच्या रेषेवरून ठोकायची, हिंगिस नेटवर उभी राहून समोरच्यांचा चेंडू अलगद मोकळ्या जागेत सोडायची. एप्रिल 2015 मध्ये चार्ल्सटनची स्पर्धा जिंकून सानिया दुहेरीत एक नंबर झाली. त्याच वर्षी विम्बल्डन, मग अमेरिकन ओपन, 2016 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन. सलग 41 सामने ही जोडी हरली नाही.

(दृश्य: हातातली वही. पेनानं मांडलेला हिशेब.)

मग सगळ्याच जणी दुहेरी का खेळत नाहीत?

पैसा, दुसरं काय. विम्बल्डन 2025 चे आकडे घ्या. महिला एकेरीच्या विजेतीला 30 लाख पौंड. महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीला 6 लाख 80 हजार, दोघींत मिळून. म्हणजे एकीच्या वाट्याला 3 लाख 40 हजार. जवळपास नऊ पट फरक. आणि त्याच स्पर्धेत एकेरीच्या पहिल्याच सामन्यात हरून घरी जाणारीलाही 66 हजार पौंड होते. ही शेवटची रक्कम नीट लक्षात घ्या. एकेरीत पहिल्या शंभरात राहणारी मुलगी वर्षातून चार ग्रँड स्लॅममध्ये थेट उतरते. चारही ठिकाणी पहिल्या फेरीत हरली, तरी प्रशिक्षक, फिजिओ आणि विमानाची तिकिटं निघतात. दुहेरीवालीला तेवढ्यासाठी जिंकत जावं लागतं. प्रशिक्षक बरोबर न्यायचा तर दोघींनी मिळून एक.

यात आणखी एक मेख आहे. दुहेरीचा ड्रॉ, म्हणजे सामन्यांचा तक्ता भरताना एकेरीचं रँकिंगही धरलं जातं. त्यामुळं एकेरीत वर असलेल्या दोघी हौसेनं एकत्र आल्या, की वर्षभर दुहेरी घासलेली एखादी जोडी बाहेर बसते. 2025 च्या अमेरिकन ओपननं तर मिश्र दुहेरीचं सगळं रूपच पालटलं. सोळा जोड्या, अंतिम सामना सोडून चार गेमचे छोटे सेट, विजेत्या जोडीला 10 लाख डॉलर, आणि बोलावणी बहुतेक एकेरीच्या ताऱ्यांना. जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, आदल्या वर्षीचेच विजेते, दुहेरीत मुरलेले. अंतिम सामन्यात त्यांनी एकेरीचे तारे इगा श्विआँतेक आणि कास्पर रूडला हरवलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

एरानीची गोष्टही सांगण्यासारखी. 2012 मध्ये ती फ्रेंच ओपनच्या एकेरीची अंतिम फेरी खेळली होती. सर्व्हिस इतकी हळू, की एकेरीत समोरच्या टपून बसायच्या. 2024 मध्ये पॅरिसला जास्मिन पाओलिनीबरोबर तिनं दुहेरीचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं.

उलट्या रस्त्यानं गेलेलीही आहे. बार्बोरा क्रेयचिकोव्हा 2018 मध्ये दुहेरीत एक नंबर झाली, तेव्हा एकेरीत ती पहिल्या शंभरातही नव्हती. दुहेरी हीच तिची ओळख, असं धरून चालले होते लोक. 2021 मध्ये तिनं फ्रेंच ओपनची एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकली. 2024 मध्ये विम्बल्डनची एकेरी.

(दृश्य: दुपार. कोर्टावर लांबलेल्या सावल्या.)

हे झालं वरच्या मजल्यावरचं. सोलापुरात आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, खालच्या पायरीवरच्या महिलांच्या स्पर्धा झाल्या आहेत. त्या दर्जाच्या स्पर्धेत 'निवड' हा शब्दच जरा मोठा वाटतो. तिथं मुली दोन्ही खेळतात. सकाळी एकेरी, दुपारी दुहेरी, मधल्या वेळात बर्फाची पिशवी आणि केळं. जोडीदार बऱ्याचदा स्पर्धेच्या ठिकाणीच ठरते. "तुझं कुणाबरोबर आहे? नाही? मग खेळूया." दोघींची भाषा एक नसली तरी चालतं, पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करता येतात. मंगळवारी एकेरीत हरलेलीला दुहेरीमुळं आणखी दोन दिवस मुक्काम मिळतो. खोलीचं भाडं मात्र चालू.

आणि अशी एक दुपार येते, जेव्हा दोन्ही सामने एकाच दिवशी लागतात आणि गुडघा एकाच सामन्यापुरता शिल्लक असतो. त्या दिवशी ती मुलगी प्रशिक्षकाकडे बघते, प्रशिक्षक फिजिओकडे, आणि फिजिओ गुडघ्याकडे.

(दृश्य: संध्याकाळ. दिवे लागलेत. कोर्टावर तीन मुली.)

सकाळचे बाबा अजून बाकावरच आहेत. सरांना त्यांनी परत विचारलंय. सर हसले.

"चौदा वर्षांची आहे हो. आधी नेटवरची व्हॉली नीट बसू दे."

आत दुहेरीचा सामना ठरलाय, पण चौथी मुलगी आली नाही. क्लास सुटला नसणार. तिघी नेटपाशी थांबून रस्त्याकडे बघतायत. शेवटी सरावाला चेंडू देणारा मार्कर चेंडूंची टोपली बाजूला ठेवतो, कोपऱ्यातली जुनी रॅकेट उचलतो आणि जोडीदार नसलेल्या मुलीच्या शेजारी येऊन उभा राहतो.

"डावीकडं मी," ती म्हणते.