पोळ्याचं आवतण आणि बैलाचं कोटीपोट

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

उद्या पोळा. आज संध्याकाळी खांदशेकणी होईल. लोणी-हळदीनं बैलाचा खांदा शेकून तुम्ही म्हणाल, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' मी जनावरांचा डॉक्टर. नागपूरच्या आसपासच्या गावांत पोळ्याच्या रात्री मला बोलावणं येतंच. बैल पोट फुगून बसलेला असतो आणि मालक म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, पोळीच तर खाल्ली, वाईट काय खाल्लं?' म्हणून आज बैलाच्या पोटाबद्दल बोलतो.

त्याच्या पोटाला चार कप्पे आहेत. कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि आपल्या जठरासारखं चौथं पोट. यातलं कोटीपोट सगळ्यांत मोठं. पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू त्यानं व्यापलेली असते, आणि मोठ्या जनावरात ते शंभर लिटरच्या वर भरतं. त्याच्या भिंतीतून पाचक रस सुटत नाही. तिथं राहणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा नि कुटार आंबवतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर बैलाची बहुतेक ताकद चालते. म्हणजे आवतण तुम्ही बैलाला देता, पण पहिली पंगत या जिवांची बसते.

त्यांना चोथा मानवतो, आणि तो हळूहळू आंबतो. पुरणपोळीतला गूळ आणि मैदा एकदम आंबतो, लॅक्टिक आम्ल साचतं, चोथा पचवणारे जीव मरतात आणि कोटीपोटाची हालचाल थांबते. शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं. वरून बैल फुगलेला दिसतो, पण आतून तो सुकत असतो. लग्नातलं उरलेलं अन्न गाईपुढे ओतलं तरी हेच होतं.

यावर निसर्गाची सोय आहे ती लाळेची. मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळतं, आणि त्या लाळेत सोडा असतो. पण लाळ सुटते चावण्यानं, रवंथानं. पोळी चावावी लागत नाही, कडबा चावावा लागतो. म्हणून उद्या सकाळी आधी पोटभर कडबा किंवा हिरवा चारा द्या, मग मानाची एखादी पोळी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगा, कारण बैल घरोघर फिरतो आणि प्रत्येक दारात त्याला पोळी मिळते.

बाशिंगं सोडताना तारा मोजून घ्या. गाई-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते जिभेनं चारा ओढतात आणि नीट न चावता गिळतात. चाऱ्यात पडलेली तार अशीच पोटात जाते आणि जाळीपोटात जाऊन बसते. जाळीपोटाच्या पुढे फक्त छाती नि पोट यांच्यामधला पडदा, आणि पडद्यापलीकडे हृदय. तार तिथवर पोचली की आम्हाला फार काही करता येत नाही. अशी जनावरं मी गेलेली पाहिली आहेत.

आता एक सवय लावून घ्या. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून दोन मिनिटं थांबा. निरोगी जनावराचं कोटीपोट तेवढ्यात दोन-तीनदा मुठीला वर ढकलतं. उद्या रात्री झोपण्याआधी हे करून बघा. मुठीला काहीच जाणवलं नाही, रवंथ बंद असेल, बैल दात खात असेल किंवा आंबूस वासाचं पातळ शेण टाकत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तेल-ताक पाजत बसू नका, तेव्हाच डॉक्टरला फोन करा.