गोधडी उन्हाच्या मागे का सरकते? साताऱ्यातील थंडीचा एक दिवस

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात, अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी राहते आणि गेली अनेक वर्षे घरीच गोधड्या शिवते. आमच्याकडच्या खेड्यांत तिला वाकळही म्हणतात. कडाक्याच्या थंडीत हे काम घरात कसे चालते, ते आज मी आपल्याला दाखवणार आहे. उन्हाळ्यात गोधडी कुठेही पसरून बसता येते. थंडीत मात्र ती उन्हाच्या मागोमाग सरकत राहते आणि माझा दिवसही तिच्याबरोबर सरकतो.

त्याचे कारण समोरच उभे आहे. किल्ला आमच्या घराच्या दक्षिणेला आहे आणि डिसेंबरअखेरीस सूर्य आग्नेयेकडून उगवून दक्षिणेकडूनच फिरतो. त्यामुळे सातच्या सुमारास सूर्योदय झाला, तरी डोंगराची सावली ओलांडून ऊन आमच्या अंगणात यायला साडेनऊ वाजतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या ज्या आठवड्यात येतात, त्या आठवड्यात इथेही सकाळी बोटे वळत नाहीत. आखडलेल्या बोटांनी घातलेला टाका एक लांब, एक आखूड असा पडतो आणि तो पुढे वर्षानुवर्षे दिसत राहतो. म्हणून सकाळी मी सुई हातात घेत नाही. चुलीजवळ बसून कापडे निवडते आणि कापते.

हे पाहा, हे सुती नऊवारी लुगडे आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबी, आणि याचा पन्हा साधारण ११५ सेंटीमीटर भरतो. त्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा लांब येतो, आणि दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की दोन माणसांच्या गोधडीची एक बाजू तयार होते. उरलेल्या दोन तुकड्यांची दुसरी बाजू होते. एका लुगड्यात अशा गोधडीच्या दोन्ही बाजू बसतात, हा हिशेब ज्या बायकांनी पहिल्यांदा बसवला, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. अर्थात नेसून जुने झालेले लुगडे सगळीकडे सारखे धड नसते. बसण्याच्या जागी आणि गुडघ्यांवर ते विरलेले असते; तेवढा भाग मी गोधडीच्या पोटात घालते आणि धड भाग वर ठेवते.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती नव्याने शिकणाऱ्यांकडून हमखास होते. माझ्या पहिल्या मोठ्या गोधडीला मी खालून कोरा मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे सुती कापड, लावला आणि तो आधी धुतला नाही. पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटला, वरची जुनी लुगडी मात्र होती तेवढीच राहिली, आणि सगळ्या गोधडीवर फुगे आले. पंधरा दिवसांचे काम उसवावे लागले. तेव्हापासून कोरे कापड दोनदा पाण्यातून काढल्याशिवाय मी ते पसरत नाही.

साडेनऊला ऊन पायरीवर आले, की पहिला मान रात्री पांघरलेल्या गोधड्यांचा असतो. गोधडीची ऊब कापडात असते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार हळू बाहेर जाते. रात्रभर आपल्या अंगातून निघणारा दमटपणा सूत शोषून घेते, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने निसटते. म्हणून गोधडीला ऊन दाखवले नाही, तर दोन-तीन रात्रींत तीच गोधडी गार लागू लागते.

त्यानंतर नवी गोधडी अंगणात पसरायची. खालची बाजू, तिच्यावर पोटातले थर आणि सगळ्यात वर दर्शनी बाजू, असे मी सहसा पाच थर घेते. त्याहून जास्त घेतले, तर सुई पार करायला दर टाक्याला जोर लावावा लागतो आणि थंडीत सांधे दुखतात. थर सरकू नयेत म्हणून आधी हातभर अंतरावर कच्चे टाके घालते. मग गोधडीवरच बसते, कारण माझ्या वजनानेच ती ताणलेली राहते, आणि कडेपासून धावदोरा सुरू करते. हा दोरा चारही बाजूंनी फिरत आत येतो, चौकोनात चौकोन पडत जातो आणि शेवटचा टाका मध्यावर पडतो. प्रत्येक फेरीनंतर तळहाताने कापड आतल्या बाजूला सारखे करावे लागते. तो आळस केला, तर सगळा सैलपणा मध्यावर गोळा होतो आणि तिथे चुणी पडते.

आता सुई मी कॅमेऱ्याजवळ आणते. दोन ओळींमध्ये दोन सेंटीमीटरचे अंतर आहे. गोधडी दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरली, तर तिचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटर होते. त्याला या अंतराने भागले, की १५० मीटर लांबीची शिवण निघते. सेंटीमीटरला एक टाका धरला, तर ते १५,००० टाके झाले. माझा हात तासाला पाच मीटर चालतो, म्हणजे नुसत्या धावदोऱ्याला ३० तास लागतात. थंडीत बोटे मोकळी असतात ती दिवसातून जेमतेम चार तास. उन्हाळ्यातले पाच दिवसांचे काम या दिवसांत आठवडा ओलांडते, ते यामुळे.

कोपऱ्यांवर मी घडी घातलेली छोटी त्रिकोणी ठिगळे लावते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना अशीच ठिगळे लावतात आणि त्यांना फुलेच म्हणतात. ते समजल्यापासून हे चार कोपरे मी घाईघाईने कधी उरकत नाही.

दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य सर्वात उंच असतो, तरी या दिवसांत तो क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवरच असतो. त्या वेळी गोधडी गच्चीवर जाते. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे गरम माडगे घेतले, की हात पुन्हा चालू लागतात. हा उजेड दिवसातला सर्वात स्वच्छ असल्यामुळे मी त्यात बारा सुया ओवून ठेवते. संध्याकाळी डोळे ताणून दोरा ओवणे आता मला जमत नाही.

गच्चीवर अनेकदा शेजारच्या बायका पॉलिस्टरच्या साड्या घेऊन येतात आणि त्यांची गोधडी होईल का, असे विचारतात. होते, पण मी त्या पोटात घालत नाही. सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवते, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणूनच थंडीच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरचे कापड चरचरते, हाताला चिकटते आणि पसरताना थर जागेवर राहत नाहीत. शिवाय अंगाचा दमटपणा शोषला न गेल्यामुळे पांघरणारा रात्री घामेजून जागा होतो. आईची आठवण म्हणून कोणी अशी साडी आणली, तर मी ती दर्शनी बाजूला लावते आणि आत सगळे सुती घालते. आठवण नाकारण्याचा अधिकार शिवणारीला नाही, असे मला वाटते.

पाचच्या पुढे ऊन यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूला कलते आणि गच्चीची फरशी पायाला गार लागू लागते. चालू ओळ कोपऱ्यापर्यंत नेऊन मी दोरा गाठीने थांबवते. मध्येच सोडलेली ओळ दुसऱ्या दिवशी वेगळ्या ताणाने शिवली जाते. मग सुया मोजायच्या. ही गोधडी कोणाचे तरी लेकरू पांघरणार आहे, म्हणून बाराच्या बारा सुया सुया ठेवायच्या छोट्या गादीत टोचल्याशिवाय मी घडी घालत नाही. आज अकराच मिळाल्या. बारावी शोधण्यासाठी हा लोहचुंबक मी प्रत्येक ओळीवरून हळूहळू फिरवते आहे, आणि ही पाहा, ती डाव्या कोपऱ्यातल्या फुलाच्या घडीत निघाली.