आतली खटखट

सोलापूरचा पूर्व भाग, सकाळचे सात. गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट सुरू, इथल्या लोकांना ती ऐकूच येत नाही, बंद पडली की मात्र लगेच कळतं. या घराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, दोन वर्षं अक्काची रेघ वर होती, यंदा भावाची झपकन पुढं गेलीय. "अक्का, टॉवेल दे की" म्हणताना त्याचा आवाज मध्येच चिरकतो आणि सगळं घर हसतं. बिचारा.

वयात येण्याचं हे सगळं सुरू होतं मेंदूत. हायपोथॅलॅमस म्हणून बदामाएवढा भाग असतो, तो जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतो, पण सलग नाही, ठोक्याठोक्यानं, साधारण तास-दीड तासाला एक, आणि सुरुवातीला तर मुख्यतः रात्री झोपेत. गंमत म्हणजे बाळ काही महिन्यांचं असताना हा माग एकदा चालून गेलेला असतो, मग वर्षानुवर्षं गप्प. तो परत चालू करण्यात मेंदूतल्याच किसपेप्टिन नावाच्या प्रथिनाचा मोठा हात, ज्याचा जीन 1996 मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात सापडला आणि नाव पडलं तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून!

ठोका पडला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन रक्तात सोडते, पोरगा असो की पोरगी, दोघांत हीच दोन. तिच्यात अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं, त्याच्यात वृषणं टेस्टोस्टेरॉन. मुलींत 8 ते 13 च्या दरम्यान आधी छाती वाढायला लागते, पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, म्हणजे आज्जी ज्याला न्हाण येणं म्हणते ते खरं तर बरंच उशिराचं. मुलांत 9 ते 14 मध्ये पहिल्यांदा वृषणं वाढतात, मिसरूड फुटतं तेव्हा कुठं घरच्यांना पत्ता लागतो. आणि हो, उंची थांबवतं ते इस्ट्रोजेनच, पोरांतसुद्धा, टेस्टोस्टेरॉनचंच थोडं इस्ट्रोजेन होतं आणि हाडांची टोकं जुळून येतात.

पण खरी मेख ठोक्यातच आहे. 1978 मध्ये माकडांवरच्या प्रयोगात जीएनआरएच तासाला एकदा दिलं तर पिट्युटरी चालली, सलग सोडलं तर थंड पडली. म्हणून आठ वर्षांच्या आत वयात येऊ लागलेल्या मुलीला, गरज असेल तर, डॉक्टर त्याच जातीचं औषध सलग पोचेल असं इंजेक्शनातून देतात. ते बंद केलं की काही महिन्यांत खटखट परत सुरू.