बंद पडलेले शहरी स्टेशन पुन्हा उघडावे का?

शहराच्या मध्यवस्तीत असलेले, पण कित्येक वर्षांत गाडी न आलेले रेल्वे स्टेशन पुन्हा सुरू करावे की नाही, हा प्रश्न कोल्हापुरात मांडताना आपले शहर या बाबतीत भाग्यवान ठरले आहे हे प्रथम सांगायला हवे. मिरज–कोल्हापूर मार्गाची पायाभरणी 1888 मध्ये झाली आणि 1891 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. संस्थानाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या रेल्वेच्या आधाराने पुढे शाहू महाराजांनी 1895 मध्ये स्टेशनालगत शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला थेट रेल्वेची साथ मिळाली. अरुंद मीटरगेज रुळांच्या जागी रुंद ब्रॉडगेज रूळ आले, तरी स्टेशन जागचे हलले नाही. एस.टी.तून उतरलेला माणूस आजही पायी चालत गाडी गाठू शकतो. स्टेशनाजवळच्या परीख पुलाखाली वाहने तुंबली की स्टेशन गावाबाहेर न्यावे अशी भाषा कानावर येते. ती बोलणाऱ्यांनी अवघ्या पन्नास किलोमीटरवरच्या सांगलीकडे एकदा पाहावे.

सांगली संस्थानाने 1907 मध्ये मिरजेपासून सुमारे पाच मैलांचा फाटा काढून गाडी थेट गावात आणली होती. ब्रॉडगेजच्या वेळी मुख्य मार्गावर नवे स्टेशन झाले आणि गावातला फाटा गेला. त्या काळी हा निर्णय कोणालाही वावगा वाटला नसणार, कारण टोकाच्या स्टेशनात प्रत्येक वेळी इंजिन सोडवायचे, शेजारच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या बाजूला जोडायचे, यात वेळ, माणसे आणि जागा तिन्ही खर्ची पडत. पुढे 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली. म्हणजे ज्या दोन गावांमध्ये दर अर्ध्या तासाला गाडी असावी अशी गरज निर्माण झाली, त्यांच्यामधली रुळांची पट्टी त्यापूर्वीच हातची गेलेली होती. आज स्टेशन चौक आहे, पण तिथे उतरण्यासाठी गाडी नाही.

पट्टी गेल्यावर काय मोजावे लागते, हे मुंबईत अधिक स्पष्ट दिसते. पूर्वी पश्चिमेकडची गाडी चर्चगेटला संपत नसे, ती कुलाब्यापर्यंत जाई आणि तिथे 1896 पासून मोठे टर्मिनस होते. बॅकबेच्या समुद्रात भराव घालण्याची योजना आल्यावर 31 डिसेंबर 1930 रोजी ते बंद झाले आणि चर्चगेटच्या दक्षिणेचे रूळ उखडले गेले. त्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी आहे. त्यानंतर जवळजवळ 95 वर्षांनी, ऑक्टोबर 2025 मध्ये, भुयारी मेट्रो कुलाब्याजवळच्या कफ परेडपर्यंत पोहोचली. आरेपासूनच्या या 33.5 किलोमीटर मार्गाला 37 हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. मेट्रोची कारणे व्यापक आहेत आणि सगळा खर्च कुलाब्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही दक्षिण टोकाला रुळावरची वाहतूक पुन्हा न्यायची ठरली तेव्हा जमिनीवर जागा उरली नव्हती, एवढे मान्य करावेच लागेल.

उलट उदाहरण इंग्लंडमधले आहे. ओकहॅम्प्टन या गावाची नियमित प्रवासी गाडी 1972 मध्ये बंद झाली, पण पुढच्या खाणीतून खडी वाहून न्यायची असल्यामुळे रूळ तसेच राहिले. म्हणून 2021 मध्ये निधी मंजूर झाल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथे गाडी धावू लागली.

आता विदर्भातल्या ‘शकुंतला’ या रेल्वेचा विचार करू, कारण जिव्हाळा आणि उपयोग यांची सर्वाधिक गल्लत तिथे होते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अडीच फुटी रेल्वे एका ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातल्या कापसासाठी बांधली. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला येई, तिथे गाठी उतरवून मोठ्या मार्गाच्या वॅगनमध्ये चढवल्या जात आणि मग तो मुंबईची वाट धरी. हा दुहेरी हमालीचा खर्च ट्रकने वाचवला आणि या रेल्वेचा कणाच मोडला. गेली काही वर्षे तिथे नियमित प्रवासी गाडी धावलेली नाही. रूळ बिनवापराचे राहिले की फाटकावर रस्त्याच्या डांबराचे थर त्यांच्यावर चढतात, स्लीपरांमधून बाभळी उगवतात आणि मग ती जागा कोणाचीच नाही असे भोवतालच्या लोकांना वाटू लागते. शकुंतला पुन्हा सुरू करावी अशी मागणी तिथले लोक तळमळीने करतात. मला तिच्याविषयी आदर आहे, पण त्याच अरुंद रुळांवर तीच गाडी पुन्हा सोडण्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. मूर्तिजापूरला गाडी बदलावी लागेल तोवर प्रवासी एस.टी.च पकडेल. ब्रॉडगेज होणार असेल तर मात्र ती पट्टी सोन्याच्या मोलाची आहे, कारण नव्याने भूसंपादन करायला निघालेल्या मार्गांना वर्षानुवर्षे कशी वाट पाहावी लागते, हे प्रस्तावित कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाकडे डोळे लावून बसलेल्या कोल्हापूरकरांना मी वेगळे सांगायला नको.

माझ्या मते स्टेशन उघडण्याचा निर्णय इमारतीकडे पाहून घेऊ नये. दगडी कमानी, जुनी घंटा, कौलारू छप्पर यांचे जतन जरूर करावे, पण ते काम वारसा जतनाचे आहे. रेल्वेने पाहायचे ते असे की मुख्य मार्गापर्यंतची पट्टी सलग आहे का आणि दिवसभर ठराविक अंतराने गाडी देता येईल का. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी गाडी सोडून सहा महिन्यांनी प्रवासी येत नाहीत असा अहवाल काढायचा असेल, तर स्टेशन उघडूच नये. पासधारक वेळापत्रक पाठ करून येत नाही, तो गाडी मिळेल या खात्रीवर येतो. शिवाय टोकाच्या स्टेशनांची जुनी अडचण आता राहिलेली नाही. मेमूला, म्हणजे वेगळे इंजिन न लागणाऱ्या विजेवरच्या लोकल गाडीला, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, त्यामुळे चालक या टोकाकडून त्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार होते. ज्या कारणासाठी आपण शहरांतले फाटे मोडले, ते कारण तंत्राने दूर केले आहे. दुर्दैवाने फाटे परत आलेले नाहीत.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर आपल्याला काही उघडायचे नाही, जे उघडे आहे ते वापरायचे आहे. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर ही स्टेशने रोज कामाला आणि शिकायला येणाऱ्या माणसांच्या वाटेवरच आहेत. मिरजेपर्यंत दुहेरी मार्ग झाल्याखेरीज त्यांना पुरेशा लोकल गाड्या देणे अवघड आहे, कारण एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, थांबावेच लागते. म्हणून दुहेरीकरणासाठी लागणारी जागा, स्टेशनातील यार्ड आणि मालधक्क्याची जमीन यांतला एकही तुकडा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने व्यापारी बांधकामाला जाऊ नये, आणि ही पट्टी शहराच्या विकास आराखड्यात रेल्वेसाठी स्पष्टपणे राखून ठेवलेली असावी, अशी लेखी मागणी आपण महापालिकेकडे आणि मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे करावी, असे माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे.