पोवळ्याची भावकी

(दृश्य: सांगलीचा सराफ कट्टा. काउंटरवर मखमलीच्या ट्रेमध्ये मांडलेली पोवळी.)

मंगळासाठी पोवळं घ्यायला सराफ कट्ट्यावर रोज कुणी ना कुणी येतंच. सराफ खडा काट्यावर ठेवतो, भिंगाखाली फिरवून बघतो, रती सांगतो आणि अंगठी अनामिकेत जाते. पोवळं नवरत्नांच्या पंगतीत बसतं, पण ते खाणीतून येत नाही. समुद्राच्या तळाशी खडकाला धरून वाढलेल्या प्राण्यांच्या वसाहतीचा तो सांगाडा असतो. भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्याचं शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम. आज आपण त्याच्या भावकीत जाणार आहोत. त्या भावकीत ताठ, टणक मंडळी आहेत तशीच अगदी मऊ, मांसल मंडळीही आहेत. आणि त्यातली बरीच राहतात खोल समुद्रात, सूर्यप्रकाश पोचत नाही तिथं.

(दृश्य: काचपात्रातलं पोवळं. फांदीवर पांढरे पॉलिप उमलतात.)

१७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदारानं ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं. फांद्यांवर पांढरी, आठ पाकळ्यांची फुलं उमलली. फांदी बाहेर काढली की मिटायची, पाण्यात सोडली की पुन्हा उघडायची. फुलं आहेत म्हणजे झाड आहे, असा निष्कर्ष त्यानं काढला. पुढं मार्सेलच्या पेसोनेल या वैद्यानं ही फुलं म्हणजे प्राणी आहेत असं सांगितलं, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांना ते पटलं नाही. बरोबर पेसोनेलच होता.

त्या आठ पाकळ्या म्हणजे पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एकेका छोट्या प्राण्याच्या, तोंडाभोवतीचे आठ संस्पर्शक, अन्न पकडणारे हात. प्रत्येकाच्या दोन्ही कडांना बारीक उपशाखांची झालर. आतली पोकळीही आठ पडद्यांनी विभागलेली. ज्या प्रवाळात हे आठाचं गणित दिसेल, तो ऑक्टोकोरल. लक्षद्वीपसारखी बेटं ज्यांच्या सांगाड्यांवर उभी आहेत ते दगडी प्रवाळ वेगळे, त्यांचा हिशेब सहाच्या पटीत चालतो.

(दृश्य: पाणबुडी यंत्राच्या दिव्याच्या झोतात तांबडा, छत्रीसारखा मऊ प्रवाळ.)

आपल्या सातारा जिल्ह्यातलं महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच. तेवढंच पाण्याखाली उतरलो, तर हा भेटू शकतो: अँथोमॅस्टस. खाली देठ, वर मांसल गोल डोकं, म्हणून याला मशरूम प्रवाळ म्हणतात. इथं पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त आहे, आणि पाणी फ्रिजमधल्या पाण्याइतकं गार.

उथळ पाण्यातल्या कित्येक प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं आणि त्यांना अन्न पुरवतं. इथं उजेडच नाही, त्यामुळे ती सोय नाही. वरून जे खाली येईल त्यावर भागवायचं: मेलेले प्लवक, प्राण्यांची विष्ठा, कुजलेले कण. त्याला सागरी हिमवर्षाव म्हणतात. शिवाय प्रवाहाबरोबर वाहत आलेला एखादा बारीक जीव. म्हणून हे प्रवाळ बहुधा उंचवट्यावर किंवा दरीच्या कडेला दिसतात, जिथं प्रवाह जोरात वाहतो. चालता येत नसलेल्या प्राण्याला जागा नीट मिळणं हेच सगळं काही.

(दृश्य: डोक्याचा पृष्ठभाग, अगदी जवळून.)

जरा थांबून हे नीट बघा. हे मोठे, पसरलेले पॉलिप अन्न पकडतात, पचवतात. त्यांच्या मधल्या जागेत ठिपक्यांसारखी बारीक छिद्रं दिसतायत ना? तेही पॉलिपच आहेत, पण त्यांचे संस्पर्शक जवळजवळ नाहीसे झालेत. त्यांचं काम पाणी आत ओढून वसाहतीत खेळवत ठेवणं. त्या पाण्याच्या जोरावर हा बिनहाडाचा देह फुगून ताठ उभा राहतो. धोका जाणवला की पाणी सोडून देतो आणि मोठे पॉलिप आत ओढून घेतो. एकाच शरीरात जेवणारे वेगळे आणि पाणी भरणारे वेगळे, आणि अन्न मात्र सगळ्यांना पोचतं. मला या सगळ्या कुळात याहून सुंदर व्यवस्था दिसलेली नाही.

कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे या समुद्राखालच्या दरीतल्या हेटेरोपॉलिपस रिटेरी या मशरूम प्रवाळात (आधी याला अँथोमॅस्टस रिटेरी म्हणत) अंडी आईच्या शरीरातच फलित होतात आणि पिल्लं तिथंच वाढतात. बाहेर पडतात ते प्लॅन्युला नावाचे डिंभ, म्हणजे अळ्या. थोडं पोहतात, टणक जागा शोधून चिकटतात, आणि एका पॉलिपपासून नवी वसाहत सुरू होते.

हे सगळं फार सावकाश चालतं. खोल पाण्यातले काही बांबू प्रवाळ, जे याच भावकीतले, शेकडो वर्षं जगतात. तळ खरवडत जाणारं ट्रॉलचं जाळं अशा जागेवरून एकदा गेलं, की गेलेलं आपल्या हयातीत परत येत नाही. प्रवाळांबरोबर त्यांच्या आधारानं राहणारेही जातात: थंड पाण्यात बास्केट स्टारची (तारामाशाच्या नात्यातल्या, फांद्याफांद्यांच्या हातांच्या प्राण्याची) पिल्लं मऊ प्रवाळांवरच वाढतात.

(दृश्य: महाविद्यालयातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. कपाटात बरण्यांची रांग.)

सांगली-साताऱ्याकडच्या ज्यांनी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं, त्यांना ही रांग तोंडपाठ असेल. अल्सिओनियम, ट्युबिपोरा, कोरॅलियम, पेनाट्युला, गॉर्गोनिया. स्पॉटिंगला, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत नमुना ओळखायला, हमखास येणारे. मऊ असेल तर अल्सिओनेसिया, पंख्यासारखा असेल तर गॉर्गोनेसिया, पिसासारखा असेल तर पेनाट्युलेसिया, असे गण आपण पाठ केले. म्हणजे रूप बघून घराणं ठरवायचं.

१९८१ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या फ्रेडरिक बायर यांनी ऑक्टोकोरल ओळखण्याची किल्ली प्रसिद्ध केली. मऊ प्रवाळ आणि समुद्रपंखे यांच्यात स्पष्ट रेघ ओढता येत नाही, हे त्यांनी दाखवलं आणि दोघांना एकाच गणात घातलं. मग २०२२ मध्ये कॅथरीन मॅकफॅडन, लेन व्हान ऑफवेगन आणि अँड्रिया क्वाट्रिनी यांनी शेकडो जनुकखंड ताडून सगळी वंशावळच नव्यानं मांडली. आता गण दोनच: मॅलॅकअल्सिओनेसिया आणि स्क्लेरअल्सिओनेसिया. मऊपणा दोन्हीकडे आहे, टणकपणाही दोन्हीकडे आहे. उत्क्रांतीत हे रूप पुन्हा पुन्हा तयार झालंय.

आणि आपला मशरूम प्रवाळ? तो कोरॅलिडी कुलात गेला. म्हणजे पोवळ्याच्याच कुलात. कट्ट्यावर रतीच्या भावानं विकला जाणारा टणक खडा आणि तो लुसलुशीत जीव हे सख्खे भाऊबंद, आणि अल्सिओनियम, जो दिसायला त्याच्यासारखा मऊ, तो मात्र दुसऱ्या गणातला.

(दृश्य: काचपट्टी, ड्रॉपर, सूक्ष्मदर्शक.)

नाव ठरवायची रोजची पद्धत आजही साधीच आहे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यावर ब्लीचचा थेंब टाकायचा. बुडबुडे येतात, मांस विरघळतं आणि खाली उरतात कंटिका: कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म तुकडे. कुठं चात्यासारखे, कुठं गदेसारखे, कुठं डंबेलसारखे, अंगावर बारीक गाठी. कुठल्या थरात कुठला आकार, यावरून प्रजाती ओळखतात.

इथं एक कळकळीची विनंती. आपल्या बहुतेक बरण्यांमध्ये फॉर्मेलिन आहे. ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि कंटिका विरघळवून टाकतं. डीएनएही खराब होतो. नवा नमुना आला, तर तो अल्कोहोलमध्येच ठेवा.

लेबलं बदलायला खर्च नाही. अल्सिओनियम आणि ट्युबिपोरावर मॅलॅकअल्सिओनेसिया लिहा. कोरॅलियम आणि पेनाट्युलावर स्क्लेरअल्सिओनेसिया. गॉर्गोनियाशी मात्र थांबा. ही प्रजाती अटलांटिकच्या पश्चिम भागातली, मुख्यतः कॅरिबियन समुद्रातली आहे. तुमच्या कपाटातला पंखा आपल्या किनाऱ्यावरून आणलेला असेल, तर तो गॉर्गोनिया नव्हे. हा नमुना सहसा कोरडा ठेवलेला असतो, त्यामुळे त्याच्या कंटिका शाबूत असतील. ब्लीचचा थेंब टाकून बघा आणि मगच नाव लिहा.