खोबणीतली गाठ

श्रोतेहो, नमस्कार. डोळ्याची खोबण म्हणजे हाडांनी वेढलेली, जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी जागा. नेत्रगोल, त्याचे स्नायू, दृष्टिचेता आणि अश्रुग्रंथी तिथे दाटीने वसलेली असतात. त्यामुळे आत गाठ वाढली की डोळ्याला पुढे सरकण्यावाचून वाट उरत नाही. मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचे नेहमीचे कारण थायरॉइडचा विकार हे असते, गाठ त्या मानाने विरळाच. म्हणूनच ती नजरेतून निसटते.

अशा रुग्णाला खुर्चीत बसवून मी त्याच्या मागे उभा राहतो आणि कपाळावरून खाली पाहतो. कोणता डोळा किती पुढे आहे, ते तिथून चटकन कळते. मग लग्नाचा अल्बम मागवतो. जुन्या फोटोंवरून हा बदल कधीपासूनचा, हे उमगते, आणि अश्रुग्रंथीच्या गाठीत सगळा निर्णय त्या काळावर व दुखण्यावर ठरतो. वर्षभराहून अधिक काळ, न दुखता, हळूहळू वाढलेली आणि सीटी स्कॅनमध्ये गुळगुळीत कडांची दिसणारी गाठ बहुधा साधी असते. तिचा तुकडा तपासायला काढू नये, तर ती आवरणासकट, अखंड काढावी. आवरण फाटले तर गाठ कित्येक वर्षांनीही उलटते, आणि कधी कर्करोगाचे रूप घेऊन उलटते. याउलट काही महिन्यांतच वाढलेली, ठणकणारी, हाड कुरतडणारी गाठ असेल तर आधी बायोप्सीच हवी.

मुलांबाबत मला अधिक कळकळीने सांगावेसे वाटते. साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाचा डोळा काही दिवसांतच पुढे येतो, पापणी सुजते, आणि घरचे म्हणतात, ‘खेळताना लागलं असेल.’ कधी डॉक्टरही जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक देत राहतात. हा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या पेशींचा कर्करोग असू शकतो. अशा वेळी स्कॅन आणि बायोप्सी आठवड्यावर ढकलू नये. पूर्वी यासाठी डोळ्यासकट सगळी खोबण रिकामी करीत, तरीही बहुतेक मुले दगावत. १९७२ पासून अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासांनी केमोथेरपी आणि किरणोपचारांची सांगड बसवली. आता खोबणीपुरत्याच राहिलेल्या या रोगात दहापैकी नऊ मुले वाचतात, आणि बहुतेकांचा डोळाही जागेवर राहतो. किरणांमुळे पुढे मोतीबिंदू होतो, त्या बाजूच्या हाडांची वाढही खुंटू शकते, म्हणून या मुलांना मोठेपणीही तपासणीला बोलावत राहावे लागते.