चाळिशीनंतर काळा कोट

श्रोतेहो, नमस्कार.

'पदवी होऊन वीस वर्षं झाली. आता एलएलबीला घेतील का हो?' बँकेतले, तलाठी कार्यालयातले, औषध कंपन्यांतले लोक मला हे हमखास विचारतात. घेतात! तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलनं, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेनं, 30 वर्षांची वयोमर्यादा घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये स्थगिती दिली. कुठल्याही शाखेची पदवी, खुल्या वर्गासाठी त्यात 45 टक्के गुण आणि राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा, एवढं असलं की अर्ज करता येतो.

घोडं अडतं ते हजेरीपाशी. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत 70 टक्के हजेरी सांगितली आहे, आणि पत्राद्वारे शिकून मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिली करता येत नाही. मुंबईत काही कॉलेजांचे वर्ग भल्या सकाळी भरतात, तिथून कचेरी गाठता येते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यानं काय करावं? 'फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो' म्हणणारे एजंट भेटतील. त्यांना चहासुद्धा पाजू नका.

वर्गात बाविशीतली मुलं तुम्हाला काका म्हणतील, म्हणू द्या. अभ्यासात तुम्ही फार मागे नसता. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सिनेमांनी घोकून घेतलेलं खुनाचं 302 कलम आता 103 झालं, त्यामुळे प्राध्यापकांनाही नव्यानं पाठांतर करावं लागलं.

खरा हिशेब पदवीनंतरचा आहे आणि नेमका तोच कुणी मांडत नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना घ्यायचा, अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. सनदेच्या नोंदणीला खुल्या वर्गाकडून 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये बजावलं आहे. पण पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. म्हणजे पगार थांबतो आणि तुम्ही एखाद्या सीनियरच्या हाताखाली ज्युनियर म्हणून तारखा घ्यायला उभे राहता. तो सीनियर कदाचित वयानं तुमच्याहून लहान असेल. पहिली काही वर्षं हातात फारसं पडत नाही. मुलांची फी आणि घराचा हप्ता चालू असताना हे झेपेल का, ते बायकोशी, नवऱ्याशी आधी बोला. थेट न्यायाधीश व्हायचं म्हणाल, तर 2025 च्या निकालानं त्यासाठीही तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे.

मग यायचंच कशाला? कारण जुनी नोकरी वाया जात नाही. काउंटरवर बसून वर्षानुवर्षं चेक परत केलेल्या माणसाला चेक न वटण्याबद्दलचं कलम 138 समजावून सांगावं लागत नाही. परतीचा मेमो कसा दिसतो, 30 दिवसांत नोटीस गेली नाही तर काय होतं, हे त्यानं ग्राहकांच्या भांडणांतून पाहिलेलं असतं. सात-बारा आणि फेरफार कोळून प्यायलेला महसूल कर्मचारी जमिनीच्या दाव्यात चांगल्या चांगल्यांना गार करतो. माझ्या मते उशिरा येणाऱ्यानं आपल्या जुन्या खात्याशी जोडलेलंच काम धरावं; सगळं थोडं थोडं करायला जाऊ नये.

आणि सीईटीचा फॉर्म भरण्याआधी एक दिवस रजा काढून जवळच्या दिवाणी न्यायालयात जाऊन बसा. काही खटले बंद दालनात चालतात, ते सोडले तर मागच्या बाकावर बसायला परवानगी लागत नाही. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, किती मॅटर आहेत, त्यांतली किती पुढच्या तारखेवर जातात आणि ज्युनियर दिवसभर काय करतात, ते बघा. मधल्या सुट्टीत त्यांच्यातल्याच एखाद्याला महिन्याकाठी काय सुटतं तेही विचारा.

नमस्कार.